आबांचे हात आणि आक्कांचा विठोबा

वडिलांकडून मुलाला घर मिळतं, शेत मिळतं, नाव मिळतं. कधी कधी आजारही मिळतो. तो आपल्या वाट्याला आला आहे की नाही हे ठाऊक नसताना रोजचा दिवस कसा काढायचा? बंगळुरातल्या एका मराठी घरात पाहिलेलं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेलं.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाचं तोंड कुणी हुंगून पाहावं, याहून मोठा अपमान कोणता?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात हे घडलं. माणूस प्राथमिक शाळेचा मास्तर. विसाव्या वर्षी माळ घातलेला, दारूचं सोडाच, चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारा. पण पन्नाशी उलटली आणि चालताना त्यांचा तोल जाऊ लागला. हातातला खडू आपोआप उडून पडायचा. बोलणं जड झालं, राग नाकावर आला. एका सकाळी पारावर बसलेल्यांपैकी एकजण उठला, जवळ आला आणि त्याने सरळ मास्तरांच्या तोंडाशी नाक नेलं. बाकीचे हसले. मास्तर घरी आले, माळ काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. दारूड्याच्या गळ्यात ही शोभत नाही, एवढंच बायकोला म्हणाले.

हे मास्तर म्हणजे माझ्या मावसबहिणीचे सासरे. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं नाव-गाव इथे देत नाही. त्या घरात लग्नाच्या वयाची भाचरं आहेत, आणि सोयरिकी जमवताना आपला समाज काय काय विचारतो हे वाचकांना मी सांगायला नको.

गेल्या आषाढीला मी त्यांच्याकडे बंगळुरात गेले होते. ताईचं घर महादेवपुऱ्यात आहे. बंगळुराच्या पूर्वेला, आउटर रिंग रोडला लागून असलेला हा भाग. २००७ सालापर्यंत इथे वेगळी नगरपालिका होती, मग तो महानगरात आला. आज काचेच्या इमारती, मोठा मॉल, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलं आणि त्यांच्यातून वाट काढणारे पाण्याचे टँकर. २०२३ च्या मार्चमध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली तेव्हापासून रस्त्यावर निदान श्वास घेता येतो, असं ताईचं म्हणणं. (मला तसं काही जाणवलं नाही!) बाजारात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी सगळं कानावर पडतं. मराठीही पडते, कारण कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेली आपली हजारो मुलं इथे राहतात. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यांतलेच एक. २०१६ मध्ये त्यांनी आई-वडिलांना गावाहून कायमचं इथे आणलं.

तोवर गावी सात वर्षं गेली होती. त्या सात वर्षांत काय काय झालं ते आक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, अगदी शांतपणे सांगतात. आधी सगळ्यांना वाटलं दारू. मग वाटलं अंगात येतं. हात-पाय असे आपोआप नाचतात म्हणजे दुसरं काय असणार? गाणगापूरला नेलं. कुणी पितृदोष सांगितला, म्हणून हातातल्या पाटल्या मोडून त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी केला. आबांची आईही अशीच ‘वेडी’ होऊन मागच्या खोलीत गेली होती, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी लावला तो शापाचा.

एका शब्दाची पुनरुक्ती

बंगळुरात आल्यावर दाजी आबांना घेऊन निम्हान्समध्ये गेले. मानसिक आरोग्य आणि मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांसाठी देशभर नावाजलेली ही सरकारी संस्था. तिथल्या डॉक्टरांनी आबांना चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. ती काही क्षणही बाहेर राहीना. मग त्यांनी विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं होतं का? पुढे रक्ताची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं : हंटिंग्टन.

हे नाव ज्याच्यावरून पडलं तो जॉर्ज हंटिंग्टन अमेरिकेतला एक साधा डॉक्टर. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, तिघांनीही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लोकांना तपासलेलं. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यात दोन बायका पाहिल्या. मायलेकी, दोघी उंच, वाळलेल्या, वेड्यावाकड्या हालचाली करत चाललेल्या. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. १८७२ मध्ये, अवघ्या बावीसाव्या वर्षी, त्याने तीन पिढ्यांच्या नोंदींवरून लेख लिहिला. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाला असेल तर मुलांना होतो. पण एखाद्या मुलाला झालाच नाही, तर त्याच्या पोटच्यांना मुळीच होत नाही, धागा तिथेच तुटतो. जनुक हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हाचं हे निरीक्षण!

आज त्यामागचं कारण ठाऊक आहे. आपल्या चौथ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जनुक असतं. त्यात सी-ए-जी अशी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. सव्वीस वेळांपर्यंत असली तर ठीक. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा असली तर माणूस पुरेसा जगल्यास आजार होणारच. मधल्या आकड्यांत कधी होतो, कधी नाही. अक्षरं जास्त झाल्याने त्या जनुकापासून बनणारं प्रथिन बिघडतं आणि मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशी हळूहळू मरतात. सुरुवात बहुधा तिशी ते पन्नाशीत होते. हालचालींवरचा ताबा जातो, विचार मंदावतात, स्वभाव बदलतो, उदासी येते. सुरुवातीनंतर साधारण पंधरा-वीस वर्षं. आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक बाळाच्या वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. मोठ्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब इथे चालत नाही.

डॉक्टरांनी कागद हातात दिला त्या दिवशी घरी काय झालं असेल? मला वाटलं होतं रडारड. ताई म्हणाली, तसं काहीच नाही. आक्कांनी दाजींना तो कागद दोनदा वाचून दाखवायला लावला. यात दारूचा काही संबंध आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर उठल्या, देव्हाऱ्यातली माळ आणली आणि आबांच्या गळ्यात घातली. सात वर्षांनी.

दुसरी एक आई, दुसरा एक रस्ता

आबांची ही गोष्ट ऐकताना मला अमेरिकेतल्या वेक्सलर कुटुंबाची आठवण झाली. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर नावाची बाई सकाळी रस्ता ओलांडत होती. पोलिसाने तिला हटकलं, इतक्या सकाळी दारू प्यायची लाज वाटत नाही का? लिओनोर दारू प्यायलेली नव्हती. ती प्राणिशास्त्र शिकलेली बाई. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ याच आजाराने गेले होते. ती मात्र सुटली, असं धरून घर चाललं होतं.

निदान झाल्यावर तिचे घटस्फोटित पती मिल्टन यांनी दोन्ही मुलींना बोलावून सगळं सांगितलं. अॅलिस सव्वीस वर्षांची, नॅन्सी तेवीस. दोघींनाही निम्मी शक्यता. मिल्टन मानसोपचारतज्ज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ नव्हेत. तरीही त्यांनी शास्त्रज्ञांना एकत्र आणून संशोधनासाठी संस्था उभी केली. लिओनोर १९७८ मध्ये गेल्या. पुढल्याच वर्षी नॅन्सी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी पोहोचली. तिथल्या गरीब कोळीवस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी होता. १९८१ पासून ती दरवर्षी जात राहिली. अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडली, चार हजारांवर लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले.

लोक सुरुवातीला रक्त का देतील? ही गोरी बाई आपल्याकडून घेऊन जाणार आणि देणार काय? तेव्हा एका स्थानिक परिचारिकेने नॅन्सीचा दंड धरून सगळ्यांना दाखवला. तपासणीसाठी नॅन्सीनेही आपल्या कातडीचा तुकडा दिला होता, त्याचा व्रण तिथे होता. हिच्याही आईला हाच आजार होता, ही आपल्यातलीच आहे! मग लोक पुढे आले.

१९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरची खूण सापडली, १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक. आजार होण्याआधीच तो होणार की नाही हे सांगणारी तपासणी शक्य झाली. आणि ती तपासणी ज्यांच्या कष्टांतून आली त्या नॅन्सीने स्वतःचा निकाल कधी जाहीर केला नाही. २०२० मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने जगाला सांगितलं की आजार आपल्यालाही झाला आहे. चाल आणि बोलणं पाहणाऱ्यांना ते आधीच कळत होतं. तोवर ती काम करतच होती. अॅलिसला मात्र तो झाला नाही. त्याच आईबापांच्या पोटच्या दोन मुली.

माराकायबोमध्ये १९९९ साली या रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह उघडलं होतं. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘प्रेम आणि श्रद्धेचं घर’. पुढे पैशांअभावी ते बंद पडलं. नुसत्या प्रेमाने आणि श्रद्धेने वीजबिल भरता येत नाही, हेही लिहायला हवं.

दाजींनी काय ठरवलं

दाजी आज त्रेचाळीस वर्षांचे आहेत. या वाक्याचा अर्थ वाचकांच्या लक्षात आला असेल.

त्यांची धाकटी बहीण पुण्याला असते. तिने तपासणी करून घेतली, निकाल चांगला आला. घरात पेढे वाटले गेले असतील असं वाटतं ना? तिने कितीतरी महिने भावाला धड फोन केला नाही. मी सुटले, आता राहिला दादाच, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं. सुटलेल्यांचंही असं होतं, हे समुपदेशकांना ठाऊक असतं. आपल्याला नसतं.

दाजीही समुपदेशनाला गेले. ही तपासणी साखर तपासण्यासारखी नसते. आधी बसून बोलणं होतं, विचार करायला वेळ दिला जातो, निकाल तयार झाल्यावरही नको म्हणता येतं. निरोगी असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची ती केली जात नाही, आई-वडिलांनी कितीही हट्ट धरला तरी. समुपदेशकांनी दाजींना विचारलं, निकाल वाईट आला तर उद्यापासून काय वेगळं कराल? आणि चांगला आला तर? दाजी दोन महिने त्याचं उत्तर शोधत राहिले. मग त्यांनी तपासणी न करण्याचं ठरवलं.

यावरून नवरा-बायकोत भांडण झालं, आणि ते साधं नव्हतं. ताईचं म्हणणं असं की माहीत असलं तर तयारी करता येते. घराचं कर्ज आहे, मुलगी चौदा वर्षांची आहे. दाजींचं म्हणणं, आबांची सेवा करताना मला समोर आबा दिसायला हवेत, मी नको. मी बाई आणि ताईची बहीण, त्यामुळे सुरुवातीला अर्थातच ताईच्या बाजूची होते. आता मला तितकी खात्री नाही. जगभरात, जिथे ही तपासणी सहज मिळते तिथेही, असे बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. ते सगळे काही घाबरट नसावेत.

पण न तपासण्यालाही किंमत मोजावी लागते. त्या घरात कुणाच्या हातून पेला पडला तर कुणाच्या हातून पडला यावर शांतता ठरते. दाजींनी एखादं नाव विसरलं, किल्ली सापडली नाही, तर ताई वर बघते आणि लगेच खाली बघते. दाजींनाही ते दिसतं.

मग त्यांनी काय वेगळं केलं? एक गोष्ट केली. निम्हान्सच्या बाह्यरुग्ण विभागात सांगली, सोलापूर, बेळगावकडून येणारी मराठी माणसं असतात. कन्नड येत नाही, इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. कोणत्या खिडकीवर जायचं, डॉक्टर काय म्हणाले, गोळी जेवणाआधी की नंतर? महिन्यातून दोन सकाळी दाजी रजा टाकून तिथे जातात आणि अशा घरांसाठी दुभाषाचं काम करतात. कुणी नेमलेलं नाही, कार्ड नाही, संस्था नाही. खिशात एक वही असते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र कसं काढायचं ते सांगतात, कारण २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आले आहेत. आजार आनुवंशिक आहे म्हणून विमा कंपनीने सरसकट दावा नाकारणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटलं. ती तारीखसुद्धा वहीत लिहिलेली आहे. पहिल्यांदा निदान ऐकलेल्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवून चहा पाजणं, हेही त्या कामातलंच. तेव्हा मी काही बोलत नाही, असं दाजी सांगतात. बोलण्यासारखं त्या वेळी काही नसतंच.

औषधाबद्दल ते खोटी आशा लावत नाहीत. आजार बरा करणारं औषध अजून नाही. हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिनसारख्या गोळ्या आहेत, पण त्या मन खिन्न करू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मेंदूत थेट जनुकोपचार केलेल्या थोड्या रुग्णांमध्ये आजाराचा वेग तीन वर्षांत बराच मंदावल्याचे निष्कर्ष एका कंपनीने जाहीर केले. रुग्णांची संख्या फारच कमी आहे, पुढचा रस्ता लांब आहे. दाजींनी ते कात्रण वहीत ठेवलंय, चिकटवलेलं नाही.

आक्कांचं स्वयंपाकघर

सतत हालणारं शरीर फार अन्न जाळतं. आबांना दिवसातून सहा वेळा भरवावं लागतं, तरी वजन राहत नाही. गिळताना ठसका लागतो, म्हणून पातळ पाणी, ताक वर्ज्य. नाचणीची घट्ट आंबील, तूप घातलेला मऊ भात, साय, कुस्करलेलं केळं. नाचणीला बंगळुरात तोटा नाही! भरवताना टीव्ही बंद, कुणी बोलायचं नाही, हनुवटी किंचित खाली. ताटाला उंच कड, पेल्याला दोन कान. गादी जमिनीवरच, म्हणजे पडायची भीती नाही. हे सगळं आक्का बघून बघून शिकल्या. अशा रुग्णाच्या घरच्यांनी एवढं जरी टिपून ठेवलं तरी पुष्कळ आहे.

मी आक्कांना न राहवून विचारलं, एवढे नवस केले, पाटल्या गेल्या, काही झालं नाही. देवाचा राग येत नाही का? विचारल्यावर वाटलं, उगाच विचारलं.

आक्का नाचणी चाळत होत्या. “मागणंच चुकलं माझं,” म्हणाल्या. “विठोबाचे हात कमरेवर हायेत. तो काय उचलून देणारा देव न्हाई. पण हाय तिथं उभा ऱ्हातो. अठ्ठावीस युगं कुठं पळून गेला न्हाई. मला तेवढंच शिकायचं होतं त्याच्याकडनं.”

२०१७ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरातल्या हंटिंग्टनग्रस्त कुटुंबांना बोलावलं होतं. व्हेनेझुएलाच्या त्या वस्त्यांतूनही माणसं आली होती. यापुढे लपवायचं नाही, असा त्या भेटीचा गाभा होता. बातमी वाचली तेव्हा मला ते नेहमीचं बोधपर वाटलं होतं. महादेवपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत तसं वाटलं नाही. गावातल्या मागच्या खोलीत गेलेली आबांची आई आणि दिवाणखान्यात खिडकीशी बसवलेले आबा यांच्यात फरक एका पिढीचा आहे आणि एका दाराचा.

एकादशीला घरात भजन असतं. इमारतीतली चार मराठी घरं येतात, एक कन्नड आजोबा येतात. त्यांना शब्द येत नाहीत, पण विठ्ठल कळतो. आबांना पूर्वी टाळ येत असे. आता टाळ हातात धरवत नाही, फेकला जातो. म्हणून नातीने त्यांच्या मनगटाला मऊ पट्टीने घुंगरांची एक छोटी माळ बांधून दिली आहे. हात आपला आपण नाचतो, घुंगरू वाजतात, ठेका मुळीच जमत नाही. टाळ वाजवतात दाजी. त्यांचा देवावर विश्वास नाही, ते लपवतही नाहीत. आबांचा टाळ आहे, पडून राहायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या रात्री पाहुणे गेले, आबा झोपले. या आजारातली एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. झोपेत या हालचाली बहुतेक थांबतात. दिवसभर वाऱ्यावर असलेले ते हात पांघरुणावर स्वस्थ पडले होते, मास्तरांचे हात, लांब बोटांचे. आक्का शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होत्या. रोज बसतात, ताई म्हणाली.

स्वयंपाकघरात दाजी भांडी आवरत होते. काहीतरी निसटलं आणि फरशीवर मोठ्याने खणाणलं. ताईने वर पाहिलं.

“भांडं पडलं की पाव्हणा येतो म्हणत्यात,” आक्का आतूनच म्हणाल्या. “सकाळी दूध थोडं जास्ती घे गं.”